परतीचे दोर कापणारा माणूस

नॉर्वेची राजधानी ऑस्लो आणि पश्चिम किनाऱ्यावरचे बर्गेन या दोन शहरांमध्ये उंच, उजाड डोंगरांचे विस्तीर्ण पठार पसरले आहे. १९०९ साली ही शहरे लोहमार्गाने जोडली गेली. तेव्हापासून प्रवासी उबदार डब्यात बसून, खिडकीबाहेरची पांढरी सृष्टी न्याहाळत हे पठार काही तासांत पार करू लागले. त्यापूर्वी ऐन हिवाळ्यात या डोंगरांच्या वाटेला जाण्याचे धाडस सहसा कोणी करीत नसे. १८८४ च्या जानेवारीअखेरीस मात्र २२ वर्षांचा एक तरुण बर्गेनहून या वाटेने निघाला. पायांत लाकडी स्की, हातात एक लांब काठी, पाठीवर पिशवी आणि सोबतीला ‘फ्लिंक’ नावाचा कुत्रा एवढाच त्याचा सरंजाम होता. राजधानीजवळ हुसेबी येथे भरणाऱ्या स्की-स्पर्धेत त्याला भाग घ्यायचा होता. स्पर्धा आटोपल्यावर तो त्याच डोंगरांतून, पुन्हा एकटाच, परत आला.

या तरुणाचे नाव फ्रित्यॉफ नान्सेन. पुढे ग्रीनलंडचे हिमपठार पार करणारा पहिला प्रवासी, उत्तर ध्रुवाच्या सर्वांत जवळ पोहोचलेला संशोधक, सागरविज्ञानाच्या जनकांपैकी एक, मुत्सद्दी आणि शांततेच्या नोबेल पुरस्काराचा मानकरी अशा अनेक रूपांत जगाने त्याला ओळखले. एका माणसाच्या आयुष्यात ही सारी रूपे मावली कशी, याचे आश्चर्य वाटते. पण या रूपांमधून एक धागा आरपार गेलेला दिसतो. तो आहे परतीच्या वाटेचा.

आईचा वारसा

नान्सेनचा जन्म १० ऑक्टोबर १८६१ रोजी राजधानीलगतच्या स्टोअर फ्रोएन या वाडीवजा वस्तीत झाला. त्या काळी ऑस्लोचे नाव क्रिस्तियानिया होते. वडील बाल्डूर वकील होते. धार्मिक वृत्तीचे, शिस्तीचे आणि शब्दाला जागणारे. आई आडेलेड हिचा पिंड वेगळा होता. एकोणिसाव्या शतकातल्या प्रतिष्ठित घरांतील स्त्रियांनी स्की चालवणे शिष्टसंमत नव्हते, तरी ती बर्फावर जात असे आणि मुलांनाही पाठवीत असे. घराच्या मागेच जंगल सुरू होई. मोठा होत गेला तसा फ्रित्यॉफ तिथे दिवसच्या दिवस एकटा भटके, मासे पकडी, उघड्यावर झोपे. एकांताची भीती न वाटण्याची सवय त्याला तिथे लागली असावी. १८७७ साली आई गेली तेव्हा तो अवघा १५ वर्षांचा होता. घर विकावे लागले आणि कुटुंब शहरात आले.

विद्यापीठात त्याने प्राणिशास्त्र हा विषय घेतला, तो मुख्यतः घराबाहेर राहता येईल या आशेने. १८८२ च्या मार्चमध्ये, प्राध्यापकांच्या सल्ल्यावरून, सीलच्या शिकारीसाठी आर्क्टिक समुद्रात जाणाऱ्या ‘व्हायकिंग’ या जहाजावर तो अभ्यासक म्हणून चढला. उन्हाळ्यात जहाज बर्फात अडकले आणि ग्रीनलंडचा पूर्व किनारा दूरवर दिसू लागला. त्या किनाऱ्यापलीकडे काय आहे, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. ते दृश्य त्याच्या मनात कायमचे घर करून राहिले.

त्याच वर्षी बर्गेनच्या वस्तुसंग्रहालयात अभिरक्षकाची नोकरी चालून आली. वयाच्या ऐन विशीत मिळालेले हे मानाचे पद होते. कुष्ठरोगाच्या जंतूचा शोध लावणारे डॉ. आर्मावर हॅन्सेन हे तिथे त्याचे सहकारी होते. नान्सेन सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून सागरी जीवांच्या मज्जासंस्थेचा अभ्यास करू लागला. १८८६ साली त्याने इटलीत जाऊन कॅमिलो गोल्जी यांनी शोधलेली, चांदीच्या क्षारांनी मज्जापेशी रंगवण्याची पद्धत समजावून घेतली. मज्जासंस्था हे एकसंध जाळे नसून ती स्वतंत्र पेशींची बनलेली आहे, ही आज सर्वमान्य असलेली कल्पना मांडणाऱ्या पहिल्या काही अभ्यासकांत त्याचे नाव घेतले जाते. पण बर्गेनचा पाऊस आणि बंद खोली यांत त्याचा जीव घुसमटत असे. हिवाळ्यातही या शहरात बर्फापेक्षा पाऊसच अधिक पडतो. १८८४ ची ती डोंगरयात्रा या घुसमटीतून निघाली.

व्हॉसेस्कावलेनवरची रात्र

त्या काळच्या स्कीची कल्पना आज करणे अवघड आहे. आजच्या स्कीला पोलादी कडा असतात, बूट त्यात घट्ट बसतो आणि दोन्ही हातांत हलक्या काठ्या असतात. तेव्हाची स्की म्हणजे पुढून वळवलेली लाकडाची लांब फळी. बुटाचे टोक त्यावर वेताच्या किंवा कातडी बंधांनी अडकवलेले असे. टाच मोकळी राही. काठी एकच. ताज्या, भुसभुशीत बर्फावर ही साधने उत्तम चालत. पण पाऊस पडून किंवा ऊन लागून बर्फ वितळला आणि रात्रीच्या थंडीने पुन्हा गोठला, की उतार काचेसारखा होई. त्या काचेवर लाकडाच्या फळीला कसलाही आधार मिळत नसे. बर्फ ओला असला तर तो फळीला गोळ्यांनी चिकटे आणि पाऊल उचलणे मुश्कील होई. हवा बिघडली की धोका दोन्हीकडून असे. पायांखालचा बर्फ बदलत जाई आणि डोळ्यांपुढची वाट नाहीशी होई.

बर्गेनहून व्हॉसपर्यंत तेव्हा नुकतीच, म्हणजे १८८३ साली, रेल्वे सुरू झाली होती. तिथवर तो गाडीने गेला आणि पुढे स्कीवर. सरळ रेषेत मोजले तरी ही दोन शहरे सुमारे ३०० किलोमीटर दूर आहेत. डोंगर आणि दऱ्यांतून जाणाऱ्याला कितीतरी अधिक अंतर पडते. वाटेतल्या खेड्यांतील लोकांना हा शहरी पोरगा वेडा वाटला यात नवल नाही. पण तो वेळेत पोहोचला, स्पर्धेत उतरला आणि मग परत फिरला.

परतीचा प्रवास अधिक कठीण ठरला. हालिंगदाल या लांबलचक खोऱ्यातून चढत तो पठारावरच्या शेवटच्या वस्तीपर्यंत आला. पुढे व्हॉसेस्कावलेन नावाचा हिमाच्छादित डोंगर होता. तिथल्या लोकांनी त्याला या दिवसांत त्या वाटेने न जाण्याचा सल्ला दिला. तरी तो पहाटेच्या अंधारात निघालाच. दिवस मावळला आणि त्याची वाट चुकली. पांढऱ्या उतारावर पांढरा प्रकाश पडला की चढ कुठे, कडा कुठे, हेच कळत नाही. अशा वेळी पुढे टाकलेले एक पाऊल पोकळीत पडू शकते.

अशा प्रसंगी अनुभवी माणसेही दोनपैकी एक चूक करतात. घाबरून मागे पळतात किंवा हट्टाने पुढे जात राहतात. नान्सेन थांबला. बर्फात खड्डा करून, पिशवी उशाला घेऊन, कुत्र्याला अंगाशी धरून तो पडून राहिला. चंद्र उगवून आजूबाजूचे आकार दिसू लागल्यावर उठून पुन्हा चालू लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो माथ्यावर पोहोचला तेव्हा ऊन पडले होते. माथ्यावर खाण्यासाठी म्हणून त्याने एक संत्रे मुद्दाम राखून ठेवले होते. ते गोठून दगडासारखे झाले होते. ते त्याने तसेच खाल्ले आणि मग व्हॉसच्या दिशेने उतरणीला लागला.

या यात्रेचे वर्णन त्याने ‘आफ्टेनपोस्टेन’ या दैनिकासाठी लिहिले. यात्रा तशी छोटी होती. तिने नकाशावर कोणतीही नवी रेघ उमटवली नाही. पण त्या रात्री डोंगरावर त्याने केले तेच तो पुढे आयुष्यभर करीत राहिला, असे मागे वळून पाहताना म्हणावेसे वाटते. धोका पत्करायचा, पण आंधळेपणाने नव्हे. माघारी फिरायचे नाही, पण थांबावे लागले तर थांबण्यात कमीपणा मानायचा नाही.

ग्रीनलंड : एकाच दिशेची वाट

बर्गेनहून निघण्याच्या काही महिने आधी, १८८३ च्या शरदात, त्याने एक बातमी ऐकली होती. स्वीडिश संशोधक नॉर्डेनशॉल्ड ग्रीनलंडहून परतले होते. ते स्वतः हिमपठारावर फार आत जाऊ शकले नव्हते, पण त्यांच्यासोबतच्या दोन सामी माणसांनी स्कीवरून पुष्कळ पुढे मजल मारल्याचे सांगितले होते. स्कीवरून ग्रीनलंड आरपार ओलांडता येईल, हा विचार नान्सेनच्या मनात तिथे रुजला. डोंगरातल्या एकट्या प्रवासाने त्याला बळ आले असणार.

त्याची योजना मात्र तज्ज्ञांना आत्मघातकी वाटली. ग्रीनलंडची वस्ती पश्चिम किनाऱ्यावर होती. पूर्व किनारा ओसाड आणि तरंगत्या बर्फाने वेढलेला होता. पूर्वीच्या साऱ्या मोहिमा वस्तीकडून, म्हणजे पश्चिमेकडून निघाल्या आणि संकट येताच वस्तीकडे परतल्या. नान्सेनने हे गणितच उलटे मांडले. पूर्वेला उतरायचे, जहाज परत पाठवायचे आणि पश्चिमेकडे चालू लागायचे. मागे काहीच नसेल तर माघारीचा मोह होणार नाही. पुढे जाणे हाच जगण्याचा एकमेव मार्ग उरेल.

मराठी माणसाला हा विचार नवा नाही. सिंहगडाच्या लढाईत तानाजी पडल्यावर सूर्याजीने कड्यावरचे दोर कापून टाकल्याची कथा आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. परतीचे दोर कापणे हा वाक्प्रचार आपण रोजच्या बोलण्यात वापरतो. फरक एवढाच, की सूर्याजीने दोर कापले ते पळू लागलेल्या सैन्याला थोपवण्यासाठी, लढाईच्या ऐन धुमश्चक्रीत. नान्सेनने ते कापले घरी बसून, महिनोन्‌महिने हिशेब करून.

नॉर्वेच्या सरकारने त्याला पैसे नाकारले. अखेर ऑगस्टीन गामेल या डॅनिश व्यापाऱ्याने मदत केली. एका विनोदी पत्राने तर खोटी जाहिरातच छापली. ग्रीनलंडच्या हिमावर अभिरक्षक नान्सेन स्कीचे प्रयोग करून दाखवणार असून प्रेक्षकांसाठी हिमाच्या भेगांत राखीव जागा आहेत आणि परतीचे तिकीट काढण्याची आवश्यकता नाही, अशी ती थट्टा होती. थट्टा करणाऱ्याला योजनेचे मर्म नेमके कळले होते.

एप्रिल १८८८ च्या अखेरीस डॉक्टरेटच्या प्रबंधाची तोंडी परीक्षा देऊन काही दिवसांतच नान्सेन निघाला. सोबत ओट्टो स्वेरड्रुप, ओलुफ डिट्रिक्सन, क्रिस्तियान क्रिस्तियान्सेन ट्राना आणि दोन सामी, सामुएल बाल्टो व ओले राव्हना, असे पाच जण होते. १७ जुलैला त्यांनी ‘जेसन’ हे जहाज सोडले आणि होड्यांतून किनाऱ्याकडे निघाले. किनारा अवघा २० किलोमीटर दूर होता. पण तरंगत्या बर्फाने त्यांना कवेत घेतले आणि जवळजवळ ३८० किलोमीटर दक्षिणेकडे वाहून नेले. २९ जुलैला पाय जमिनीला लागले. मग पुन्हा उत्तरेकडे वल्ही मारत जाऊन, १५ ऑगस्टला उमिव्हिक येथून त्यांनी चढाई सुरू केली.

पुढचे दिवस म्हणजे थंडी, भूक आणि तहान यांची परीक्षा होती. सारा प्रदेश गोठलेल्या पाण्याचा, पण प्यायला पाणी नाही, कारण बर्फ वितळवायला इंधन लागते आणि ते मोजके होते. म्हणून प्रत्येक जण बर्फाने भरलेली पत्र्याची चपटी बाटली कपड्यांच्या आत अंगाशी धरून चाले. सोबतच्या सुक्या मांसातील चरबी पुरवठादाराने काढून टाकली होती. त्यामुळे सगळ्यांना स्निग्ध पदार्थांची वखवख सुटली. रात्रीचे तापमान उणे ४५ अंशांपर्यंत उतरले. ५ सप्टेंबरच्या सुमारास त्यांनी २,७०० मीटरहून अधिक उंची गाठली. वारा पाठीमागून आला की ते स्लेजवर शीड उभारत आणि उताराचा फायदा घेत. पश्चिम किनाऱ्यावर उतरल्यावर तंबूचे कापड आणि झुडपांच्या फांद्या यांची एक ओबडधोबड होडी त्यांनी बनवली आणि तीतून नान्सेन व स्वेरड्रुप ३ ऑक्टोबरला गोटहोब येथे पोहोचले. हे गाव आज नूक या नावाने ग्रीनलंडची राजधानी आहे. त्या मोसमात मायदेशी जाण्याची संधी हुकली होती. तेव्हा संपूर्ण हिवाळा त्यांनी तिथे काढला. नान्सेन इनुइट लोकांत मिसळला, त्यांची भाषा, शिकार आणि कायाक चालवणे शिकला. १८८९ च्या मे अखेरीस ते क्रिस्तियानियाला परतले तेव्हा सारे शहर बंदरावर लोटले होते.

या प्रवासावरील त्याच्या ग्रंथाने एक अनपेक्षित काम केले. त्यात स्कीच्या उपयोगाविषयी एक सविस्तर प्रकरण होते. त्याचे जर्मन भाषांतर वाचून मध्य युरोपातील तरुण लाकडी फळ्या मागवू लागले. आल्प्समध्ये स्कीइंगचा प्रसार होण्यामागे या पुस्तकाचा मोठा वाटा मानला जातो. त्याच वर्षी नान्सेनने एव्हा सार्स या गायिकेशी विवाह केला. तीही निष्णात स्कीपटू होती.

बर्फाशी मैत्री

नान्सेनची पुढची योजना याहून धाडसी होती. १८८१ साली सायबेरियाच्या उत्तरेला बुडालेल्या ‘जॅनेट’ या अमेरिकी जहाजाचे अवशेष तीन वर्षांनी ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर सापडले होते. म्हणजे ध्रुवसमुद्राचा बर्फ सतत वाहत असला पाहिजे, असा निष्कर्ष निघत होता. तसे असेल तर बर्फाशी झगडण्याऐवजी एखादे जहाज मुद्दाम त्यात गोठू द्यावे आणि त्या प्रवाहालाच ते वाहून नेऊ द्यावे, असे नान्सेनने सुचवले. अनेक नामवंत दर्यावर्दींनी ही कल्पना मोडीत काढली. कॉलिन आर्चर या जहाजबांधणी तज्ज्ञाने ‘फ्राम’ हे जहाज त्यासाठी बांधले. त्याचा तळ वाटीसारखा गोलाकार होता. भोवतालचा बर्फ दाबू लागला की जहाज चिरडण्याऐवजी वर उचलले जाई. नॉर्वेजियन भाषेत ‘फ्राम’ म्हणजे ‘पुढे’.

१८९३ च्या जूनमध्ये १३ माणसे घेऊन ‘फ्राम’ निघाले आणि सप्टेंबरमध्ये बर्फात गोठले. सिद्धान्त खरा ठरला, पण प्रवाह संथ होता आणि जहाज ध्रुवावरून जाणार नाही हे दिसू लागले. तेव्हा १४ मार्च १८९५ रोजी नान्सेन आणि यालमार योहान्सेन हे दोघे २८ कुत्री, तीन स्लेज आणि दोन कायाक घेऊन स्कीवरून उत्तरेकडे निघाले. वाहत्या बर्फावरचे जहाज पुन्हा सापडणे अशक्य होते. येथेही परतीचे दोर कापलेलेच होते.

ध्रुवप्रदेशातला तो वसंत होता, पण थंडी उणे ४० अंशांच्या घरात होती. घामाने भिजलेले कपडे अंगावरच गोठत आणि चालताना त्यांच्या कडा मनगटाला कापत. बर्फाचे उंच बांध ओलांडता ओलांडता कुत्री थकत होती. शिवाय पायाखालचा बर्फच दक्षिणेकडे सरकत होता. दिवसभर चालून जेवढे मिळवावे त्यातले काही रात्री आपोआप गमवावे लागे. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास ते ८६ अंश १४ मिनिटे उत्तर अक्षांशापर्यंत पोहोचले. त्याआधी कोणीही इतके उत्तरेला गेल्याची नोंद नव्हती. ध्रुव सुमारे ४०० किलोमीटरवर होता.

नान्सेनने तिथून दक्षिणेकडे तोंड वळवले. परतीचे दोर कापणाऱ्या माणसाच्या आयुष्यातला हा सर्वांत मोठा निर्णय मानायला हवा. अन्न, कुत्री आणि उरलेले दिवस यांचे गणित जुळत नव्हते. आणखी चार-दोन दिवस चालून विक्रमात भर घालता आली असती, पण त्याची किंमत योहान्सेनलाही मोजावी लागली असती. व्हॉसेस्कावलेनवर तो एकटा होता. इथे दुसरा जीव त्याच्या हिशेबावर विसंबून होता.

परतीचा प्रवास १६ महिन्यांचा झाला. घड्याळांना किल्ली द्यायचे राहून गेल्याने ती बंद पडली आणि आपण नेमके कुठे आहोत हे समजेनासे झाले. १८९५ च्या ऑगस्टमध्ये ते फ्रान्झ जोसेफ लँडच्या बेटांवर पोहोचले. दगड रचून, वर वॉलरसचे कातडे पसरून त्यांनी एक खोपटे केले आणि अस्वलाचे व वॉलरसचे मांस खाऊन मे १८९६ पर्यंतचा काळ त्यात काढला. जूनमध्ये एके दिवशी बांधलेले कायाक सुटून वाहून जाऊ लागले. त्यांत त्यांचे सारे सामान होते. नान्सेनने गोठत्या पाण्यात उडी घेतली आणि पोहत जाऊन ते परत आणले. काही दिवसांतच केप फ्लोरा येथे फ्रेडरिक जॅक्सन या इंग्रज संशोधकाशी त्यांची अकस्मात गाठ पडली आणि जगाशी तुटलेला संबंध पुन्हा जुळला. त्या ऑगस्टमध्ये ते नॉर्वेला पोहोचले. त्यानंतर आठवडाभरात ‘फ्राम’ही स्वेरड्रुपच्या नेतृत्वाखाली सर्व माणसांसह सुखरूप परतले. मोहिमेत एकही जीव गेला नाही.

सगळ्यांच्या वाट्याला सुखाची घरवापसी आली असे मात्र म्हणता येत नाही. योहान्सेन पुढे अमुंडसेनच्या दक्षिण ध्रुव मोहिमेत गेला, नेत्याशी त्याचे बिनसले, त्याला वेगळे घरी पाठवण्यात आले आणि १९१३ साली त्याने आत्महत्या केली. बर्फातून परतणे त्याला साधले, माणसांत परतणे साधले नाही.

ज्यांची वाट दुसऱ्यांनी तोडली

पुढची दोन दशके नान्सेनने विज्ञान आणि देशकार्यात घालवली. वाऱ्याच्या दिशेच्या किंचित उजवीकडे बर्फ वाहतो, हे ‘फ्राम’वरचे त्याचे निरीक्षण एकमान या तरुण शास्त्रज्ञाच्या हाती पडले आणि त्यातून सागरी प्रवाहांचा एक मूलभूत सिद्धान्त जन्मला. खोल समुद्रातील पाण्याचे नमुने घेण्याची ‘नान्सेन बाटली’ अनेक दशके जगभर वापरात राहिली. १९०५ साली नॉर्वे स्वीडनपासून वेगळा झाला तेव्हा डेन्मार्कच्या राजपुत्र कार्लला नॉर्वेचे सिंहासन स्वीकारण्यास राजी करण्यात त्याचा हात होता. १९०६ साली तो लंडनमध्ये देशाचा पहिला राजदूत झाला. १९०७ च्या डिसेंबरमध्ये एव्हाचा न्यूमोनियाने मृत्यू झाला. दक्षिण ध्रुवाला जाण्याचे स्वप्न त्याने मनातच ठेवले आणि ‘फ्राम’ अमुंडसेनच्या हवाली केले.

पहिले महायुद्ध संपले तेव्हा तो साठीला टेकला होता. सन्मानाने विश्रांती घेण्याचे ते वय. पण १९२० साली नव्याने स्थापन झालेल्या राष्ट्रसंघाने त्याच्यावर युद्धकैद्यांना मायदेशी पोहोचवण्याची जबाबदारी सोपवली. लाखो कैदी रशियात, विशेषतः सायबेरियात, आणि रशियन कैदी युरोपात अडकून पडले होते. युद्ध संपून दीड वर्ष उलटले तरी त्यांना कोणी विचारत नव्हते. सोव्हिएत सरकार राष्ट्रसंघाला मानत नव्हते. पण नान्सेन या माणसावर त्याने विश्वास ठेवला. हाताशी पैसा नाही, जहाजे नाहीत, अशा स्थितीत त्याने कर्जे मिळवली, बाल्टिक समुद्रातून फेऱ्या सुरू केल्या आणि १९२२ पर्यंत सुमारे ४ लाख २७ हजार माणसे घरी पोहोचवली. स्वतःची परतीची वाट हौसेने तोडणारा माणूस आता इतरांसाठी ती वाट बांधीत होता.

१९२१ साली व्होल्गाच्या खोऱ्यात भीषण दुष्काळ पडला. नान्सेनने राष्ट्रसंघापुढे मदतीची याचना केली. बोल्शेविकांना मदत नको, या भूमिकेतून सरकारांनी हात आखडता घेतला. त्याच्यावर साम्यवाद्यांचा हस्तक म्हणून टीका झाली. तरी खासगी देणग्यांवर तो काम करीत राहिला. १९२२ च्या नोबेल पुरस्काराची रक्कमही त्याने मदतकार्यात घातली.

त्याच सुमारास एक वेगळाच प्रश्न समोर आला. क्रांती आणि यादवी युद्धामुळे पंधरा लाखांच्या आसपास रशियन देशाबाहेर विखुरले होते. सोव्हिएत सरकारने त्यातील बहुतेकांचे नागरिकत्व रद्द केले. त्यांच्याकडे कोणत्याही देशाचा कागद नव्हता. कागद नाही म्हणून सीमा ओलांडता येत नाही, काम मिळत नाही. राष्ट्रसंघाचा निर्वासितांसाठीचा पहिला उच्चायुक्त या नात्याने नान्सेनने १९२२ च्या जुलैमध्ये जीनिव्हात परिषद बोलावली आणि त्यातून एक ओळखपत्र अस्तित्वात आले. लोक त्याला ‘नान्सेन पासपोर्ट’ म्हणू लागले. पुढे अर्मेनियन आणि इतर निर्वासितांनाही ते मिळू लागले. पन्नासहून अधिक देशांनी ते मान्य केले. संगीतकार स्ट्राव्हिन्स्की आणि रॅखमॅनिनॉफ, चित्रकार शागाल, लेखक नाबोकोव्ह हे त्याच कागदाच्या आधारे जगले.

या कागदात एक मोठी उणीव होती. ज्या देशाने तो दिला, तेथे पुन्हा प्रवेश मिळेलच याची सुरुवातीला हमी नव्हती. म्हणजे निर्वासिताला बाहेर पडता येई, पण परतता येईलच असे नव्हते. त्यामुळे इतर देशही त्याला आत घ्यायला कचरत. परतीच्या व्हिसाचे तत्त्व १९२६ च्या करारात मान्य झाले. परतीची वाट असल्याखेरीज माणसाला पुढेही जाता येत नाही, हे सत्य ग्रीनलंडच्या सिद्धान्ताच्या नेमके उलट होते. त्याच वर्षी स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात विद्यार्थ्यांपुढे बोलताना नान्सेनने माघारीची सोय हा सापळा असतो, हे आपले जुने मत पुन्हा मांडले. दोन्ही गोष्टी त्याच्या दृष्टीने खऱ्या असाव्यात. स्वेच्छेने, हिशेब करून वाट तोडणे हे साहस आहे. दुसऱ्याने तोडलेली वाट हे संकट आहे.

या कसोटीवर त्याचे एक काम मात्र आजही अस्वस्थ करते. ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यातील युद्धानंतर लोकसंख्येची अदलाबदल करावी, या योजनेच्या मांडणीत त्याचा प्रमुख सहभाग होता. जानेवारी १९२३ च्या लोझान करारानुसार सुमारे १२ लाख ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन आणि ४ लाख मुस्लिम यांची घरे सक्तीने बदलली गेली. त्यातील बहुतेक जण आधीच परागंदा झाले होते आणि कत्तली टाळण्याचा दुसरा उपाय दिसत नव्हता, हे समर्थन खरे आहे. पण त्या करारामुळे परतीचे दार कायद्यानेच बंद झाले, हेही तितकेच खरे आहे. फाळणीची झळ सोसलेल्या आपल्या देशातील वाचकाला याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. अर्मेनियन निर्वासितांना सोव्हिएत अर्मेनियात वसवण्याची त्याची योजना तर पैशांअभावी बारगळलीच.

शेवटचा प्रवास

आयुष्याच्या अखेरच्या हिवाळ्यातही नान्सेनने स्की सोडली नव्हती. मात्र एका सहलीत सोबत्यांना तो कधी नव्हे तो थकलेला जाणवला. घरी परतल्यावर तापाने आणि मग पायाच्या शिरेच्या विकाराने त्याला गाठले. १३ मे १९३० रोजी लिसाकेर येथील राहत्या घरी हृदयविकाराने त्याचे निधन झाले. अंत्यसंस्कार १७ मे रोजी, नॉर्वेच्या राष्ट्रीय दिनी झाले.

त्याच्या नावाने १९३१ साली सुरू झालेल्या निर्वासित कार्यालयाला १९३८ चे शांततेचे नोबेल मिळाले. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाने १९५४ साली त्याच्या नावाने पुरस्कार सुरू केला. त्याचा पहिला मान एलिनॉर रूझवेल्ट यांना मिळाला. ध्रुवाच्या विक्रमाची नोंद तर त्याच्या हयातीतच, अवघ्या पाच वर्षांत, एका इटालियन मोहिमेने मागे टाकली होती. विक्रमांचे आयुष्य तेवढेच असते. एका घडीच्या कागदावर आपले नाव, छायाचित्र आणि शिक्का पाहून ज्यांना पुन्हा आपण कोणीतरी आहोत असे वाटले, त्या लाखो माणसांसाठी मात्र नान्सेन हे डोंगर ओलांडणाऱ्या प्रवाशाचे नाव नव्हते. त्यांच्यासाठी ते त्यांच्या पासपोर्टचे नाव होते.